शिबिर आणि वेचणी
(अमरावती येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नेतृत्व प्रशिक्षणातून काय मिळालं ते सांगायला मला उभं केलंय. मिळालं पुष्कळ. पण ते कोणाला मिळालं, हेही आपल्यातच बोललं पाहिजे.

मी दर्यापूर तालुक्यातली, ग्रामपंचायत सदस्य. शिबिर तीन दिवसांचं होतं, इथेच अमरावतीत. अकोट, मूर्तिजापूरकडच्याही बाया होत्या. पहिला दिवस गाणी आणि ओळखीत गेला. दुसऱ्या दिवशी ताईंनी नमुन्याचं इतिवृत्ताचं रजिस्टर पुढे ठेवलं. ठरावाखाली चार ओळी कोऱ्या, त्याखाली सह्या. 'यात काय चुकलंय ते शोधा.' बराच वेळ कोणी बोलेना. मग अकोटकडची एक वयस्कर सदस्या म्हणाली, "हे कोरं काहून ठेवलं वं माय? मांगून लिहाले?"

माझ्या मते शिबिर तिथे सुरू झालं. धीटपणे बोला, असं आपल्याला सगळेच सांगतात. पण गावाची सत्ता कागदात असते. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा हजर लागतो. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ग्रामनिधीच्या चेकवर सरपंचाची सही लागते, एकट्या ग्रामसेवकाची चालत नाही. हे ठाऊक असलेल्या बाईला "तुम्ही घरी बसा, रजिस्टर पाठवतो" असं म्हणणं जड जातं.

१९८९ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेड्याला संपूर्ण बायांचं पॅनेल निवडून आलं. तेव्हा एक तृतीयांश आरक्षण यायचं होतं. ते ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून आलं, आणि महाराष्ट्रात २०११ साली निम्म्या जागा झाल्या. जागा मिळाल्या, त्या जागेवरची बाई शिबिराला पोचते का?

आमच्या पंचायतीतली दुसरी सदस्या दलित वस्तीतली, राखीव जागेवर आलेली. शिबिर ठेवलं ऐन कापूस वेचणीत. वेचणीची मजुरी किलोवर. जितका कापूस, तितके पैसे. ती म्हणाली, "तीन दिवस शिबिराले आली तं हप्त्याचा बाजार कशानं करू?" माझ्या घरी चार एकर आहे, म्हणून मी येऊ शकले. सोपं गणित आहे.

परतल्यावर रात्री आम्ही दोघी रजिस्टराची नक्कल घेऊन बसलो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिच्या वस्तीच्या नळाचा ठराव झाला, असं सगळे तोंडी सांगत होते. रजिस्टरात तो नव्हताच. पुढच्या सभेत तिनं सही अडवली. "आधी लिहा, वाचून दाखवा, मंग सही." अर्धा तास गरमागरमी झाली, पण ठराव लिहिला गेला. नळ अजून आलेला नाही. पाठपुरावा चालू आहे.

आता तिला जे आलं ते माझ्याकडून ऐकून, उष्टं. तिला सरळ का मिळू नये? म्हणून मागणी अशी: शिबिर वेचणी आटोपल्यावर ठेवा. मजूर बाईला बुडालेली मजुरी द्या. जेवण आणि एसटीचं भाडं पुरत नाही. जमेल तिथे गावातच, रात्री दोन-दोन तास घ्या.

पुढच्या शिबिराचं पत्रक दाराशी वाटलं जातंय. तारीख पुन्हा कार्तिकातलीच आहे. चहाच्या आधी ती बदलून घेऊ.