काळ्या बॅगेतले एक लाख डॉलर

अमेरिकेत मंत्रिपदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले पहिले मंत्री म्हणजे अल्बर्ट फॉल. न्यू मेक्सिकोतले हे वजनदार सिनेटर १९२१ मध्ये अध्यक्ष हार्डिंग यांच्या मंत्रिमंडळात आले. सरकारी जमिनी आणि खनिजं सांभाळणारं खातं त्यांना मिळालं.

त्याच वर्षी नौदलाचे राखीव तेलसाठेही त्यांच्या खात्याकडे आले. युद्धकाळात जहाजांना इंधन कमी पडू नये, म्हणून ते राखून ठेवले होते! फॉल यांनी १९२२ मध्ये निविदा न मागवता वायोमिंगमधला टीपॉट डोमचा साठा हॅरी सिंक्लेअर यांच्या कंपनीला, तर कॅलिफोर्नियातला एल्क हिल्सचा साठा एडवर्ड डोहेनी यांच्या कंपनीला भाडेपट्ट्यानं दिला.

आणि फॉल यांच्या कुरणांचा, गुराढोरांचा पसारा एकाएकी वाढू लागला.

मोंटानाचे सिनेटर थॉमस वॉल्श यांनी चिकाटीनं चौकशी केली. हा माणूस खरोखर मोठा. डोहेनी यांच्या मुलानं काळ्या बॅगेतून एक लाख डॉलर रोख फॉल यांना पोचवल्याचं १९२४ मध्ये उघड झालं. डोहेनी त्याला कर्ज म्हणत राहिले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही व्यवहार रद्द ठरवले.

१९२९ मध्ये फॉल लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले आणि १९३१ मध्ये तुरुंगात गेले. तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी मात्र निर्दोष सुटले. न्याय झाला, पण अर्धाच.