कुटुंबाची बचत : खाते कोणाच्या नावावर?

(पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय रूक्ष आहे. पासबुक, व्याज, आयकर असे शब्द ऐकले की आपल्यापैकी निम्मे लोक घड्याळाकडे पाहू लागतात. तरीही मी तो मुद्दाम निवडला आहे. मुलांच्या फीचा प्रश्न निघाला की आपण शिष्यवृत्तीच्या अर्जाकडे धावतो, परंतु घरात जी थोडीबहुत बचत आहे ती कोणाच्या नावावर आहे, आणि अडीअडचणीच्या वेळी ती कोणाच्या हाती पडेल, याचा विचार फारच थोड्या घरांत झालेला असतो.

एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. "माझे पीपीएफचे खाते आहे. ते मला बायकोच्या नावावर करता येईल काय?" कोणी निवृत्तीला आलेला असतो, कोणाची प्रकृती ठीक नसते, तर कोणाला आखातात नोकरी लागलेली असते. प्रश्नामागचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याचे उत्तरही सरळ द्यावयास हवे.

उत्तर असे की, नाही करता येत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीपीएफ, ही योजना १९६८ च्या कायद्याने सुरू झाली, आणि २०१९ पासून ती नव्या नियमांखाली चालते. हे खाते एकट्याच्याच नावाने असते. त्यात पती-पत्नीचे संयुक्त खाते उघडता येत नाही. खाते गिरगावच्या टपाल कार्यालयातून दादरच्या बँकेत हलविता येते, एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेता येते. एका माणसाकडून दुसऱ्याकडे मात्र ते जात नाही. खातेदाराचा मृत्यू झाला तरी पत्नीला ते पुढे चालविता येत नाही. खाते बंद होते व पैसे दिले जातात.

मग मार्ग काय? मार्ग आहे, आणि तो अगदी साधा आहे. खाते हलत नाही, पण पैसे हलू शकतात. पत्नीने स्वतःच्या नावाने वेगळे पीपीएफ खाते उघडावे आणि पतीने तिला दिलेले पैसे तिने त्यात भरावेत. एका व्यक्तीला वर्षाला कमीत कमी ५०० रुपये व जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. ही दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून आहे. अज्ञान मुलाच्या नावाने आपण खाते उघडले, तर आपले व त्याचे मिळून दीड लाखच धरले जातात. पत्नीची मर्यादा मात्र संपूर्णपणे तिची स्वतःची असते.

पतीच्या जुन्या खात्यातले पैसे काढावयाचे असतील, तर त्याचेही नियम आहेत. ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले ते वर्ष सोडून पाच वर्षे झाली की वर्षातून एकदा काही रक्कम काढता येते. गेल्या वर्षाअखेरची शिल्लक आणि त्याआधी चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक यांपैकी जी कमी असेल, तिच्या निम्म्यापर्यंत ही रक्कम असते. पंधरा वर्षे भरली की सर्व रक्कम काढता येते, किंवा पाच-पाच वर्षांनी मुदत वाढविता येते. असे काढलेले पैसे पत्नीच्या खात्यात दरवर्षी थोडे थोडे भरता येतात. काढण्यावर कर नाही, आणि पतीने पत्नीला दिलेल्या भेटीवरही पत्नीला कर द्यावा लागत नाही.

येथे आयकर खात्याचा एक नियम नीट समजून घेतला पाहिजे. पतीने पत्नीला पैसे भेट दिले आणि त्या पैशांतून उत्पन्न निर्माण झाले, तर ते उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ६४ मध्ये हे होते, आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम ठेवले आहे. समजा, आपण पत्नीला दोन लाख रुपये दिले आणि तिने ते बँकेत सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे १४,००० रुपये व्याज पासबुकात तिच्या नावाने दिसेल, पण कर मोजताना ते आपले धरले जाईल. तिने ते १४,००० पुन्हा गुंतविले, तर त्यावरचे ९८० रुपये मात्र तिचे स्वतःचे उत्पन्न होय.

"मी प्रेमाने दिले, त्यात कसला व्यवहार?" असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद आपल्या मुंबईचे उद्योगपती तुलसीदास किलाचंद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यांनी पत्नीच्या हितासाठी काही शेअर्सचा न्यास केला होता. १९६१ साली न्यायालयाने ठरविले की पतीपत्नीचे प्रेम हा कायद्याच्या भाषेतला पुरेसा मोबदला नव्हे, आणि कर पतीवरच बसला.

पण पीपीएफचे व्याज मुळातच करमुक्त आहे. ते पतीच्या उत्पन्नात मिळविले तरी शून्यात शून्य मिळविल्यासारखे होते. म्हणूनच पत्नीच्या नावाने बचत करावयाची असेल, तर पीपीएफ हे सोयीचे ठिकाण ठरते. एवढेच लक्षात ठेवावे की पंधरा वर्षांनी ते पैसे काढून मुदत ठेवीत टाकले, तर आपण दिलेल्या मूळ रकमेपुरते व्याज पुन्हा आपल्या उत्पन्नात येईल.

भरलेल्या रकमेवर करात मिळणारी वजावट ही वेगळी गोष्ट आहे. पत्नीच्या खात्यात भरलेल्या रकमेवर पतीला वजावट मागता येते, परंतु सर्व मिळून दीड लाखापर्यंतच, आणि तीही फक्त जुनी करपद्धती स्वीकारली तर. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून जी नवी पद्धती आपोआप लागू होते, तिच्यात ही वजावट नाही. व्याज मात्र दोन्ही पद्धतींत करमुक्त आहे.

आता मेहरविषयी दोन शब्द. मेहर ही भेट नसून पतीवरचे देणे आहे. निकाहनाम्यात लिहिलेली मेहर पतीने चेकने पत्नीच्या खात्यात भरली, तर त्याने आपले ऋण फेडले असा त्याचा अर्थ होतो. ही रक्कम भेटीहून वेगळी ठरत असल्याने निकाहनाम्याची प्रत व बँकेची नोंद जपून ठेवावी आणि करसल्लागाराला दाखवावी. बरीच वर्षे बाकी राहिलेली मेहर चुकविण्याची याहून चांगली रीत मला दिसत नाही.

आपल्या समाजात कोकणातून आलेली व आखातात नोकरी करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा विषय अधिकच निकडीचा आहे. अनिवासी भारतीयाला नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही. जाण्यापूर्वी उघडलेले खाते मुदत संपेपर्यंत चालविता येते, पण पुढे वाढविता येत नाही. मात्र त्याची पत्नी मुंबईत राहत असेल, तर ती स्वतःच्या नावाने खाते उघडू शकते व पतीने पाठविलेले पैसे त्यात भरू शकते. महिन्याचा खर्च भागवून जे उरते ते दागिन्यांत किंवा भावाच्या धंद्यात घालण्यापूर्वी हा पर्याय पाहावा.

रक्कम लहान आहे म्हणून संकोचू नका. १ एप्रिल २०२० पासून पुढे बरीच वर्षे या खात्याचा दर ७.१ टक्के राहिला. दर सरकार बदलू शकते, पण हाच दर धरला तर दरवर्षी एप्रिलच्या आरंभी १२,००० रुपये भरणाऱ्याला पंधरा वर्षांनी सुमारे सव्वातीन लाख मिळतात, आणि भरलेले असतात एक लाख ऐंशी हजार. आज पहिलीत असलेली मुलगी तोवर पदवीला पोहोचलेली असेल. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जमा असलेली रक्कमच त्या महिन्याच्या व्याजासाठी धरतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. व्याज घ्यावे की नाही, हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून निर्णय करावा. मी येथे फक्त कायद्याची बाजू सांगत आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. "माझ्या खात्यावर बायको नॉमिनी आहे, मग वेगळे खाते कशाला?" असे अनेकजण म्हणतात. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा. तो मालक असतोच असे नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, मुंबईच्याच साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात, हे पुन्हा स्पष्ट केले आहे. समजा, पतीच्या खात्यात आठ लाख रुपये आहेत, पत्नी नॉमिनी आहे व मुले आहेत. पैसे पत्नीच्या हाती येतील. पण कर्ज व बाकी मेहर फेडल्यावर वारसा हक्काप्रमाणे तिचा स्वतःचा वाटा आठवा हिस्सा, म्हणजे फार तर एक लाख. उरलेल्यावर इतर वारसांचा हक्क आहे. वारसांचा हक्क पवित्र आहे, त्याविरुद्ध मी बोलत नाही. परंतु पतीने हयातीत मनापासून दिलेले व पत्नीच्या स्वतःच्या खात्यात असलेले पैसे हे तिचेच असतात. त्यासाठी तिला दिराच्या किंवा सासऱ्याच्या सहीची वाट पाहावी लागत नाही, आणि मुलांची फी थांबत नाही.

यासाठी एक अट आहे. दान हे खरेखुरे असले पाहिजे. हिबा पूर्ण होण्यासाठी देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे व ताबा द्यावा, असे आपला कायदा सांगतो. खाते तिच्या नावाने, पण पासबुक नवऱ्याच्या कपाटात, चेकवर आधीच सह्या घेतलेल्या आणि मोबाईल क्रमांकही त्याचाच, अशी व्यवस्था असेल तर तिला काय दिले?

भगिनींनो, या शहराला स्त्रियांच्या स्वतंत्र व्यवहाराची ओळख नवी नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात हजारो कामगार बायकांच्या खानावळींत जेवत. त्या बायकांना सावकाराच्या पकडीतून सोडवून बँकेचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची घरे पगाराविना राहिली. अशा वेळी घरातल्या बाईच्या हाताशी काय आहे, यावर चूल अवलंबून असते. गिरण्या गेल्या, पण नोकरी जाण्याचे आणि कर्ता माणूस अंथरुणाला खिळण्याचे प्रसंग गेलेले नाहीत. पीपीएफच्या शिलकेवर न्यायालयाच्या हुकुमानेही जप्ती येत नाही, हा याच्या जोडीला मोठाच आधार आहे.

म्हणून घरी गेल्यावर एवढे करा. दोघांची सर्व पासबुके एका ठिकाणी काढा. प्रत्येक खात्यावर नॉमिनी कोण आहे ते पाहा. लग्नापूर्वीचे आईचे वा भावाचे नाव तसेच राहिले असेल, तर विचार करून ते बदला. त्यासाठी लागणारे शुल्कही सरकारने एप्रिल २०२५ मध्ये काढून टाकले आहे. पत्नीचे खाते नसेल तर उघडा. पैसे रोखीने न देता बँकेमार्फत द्या आणि कशासाठी दिले ते एका वहीत लिहून ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, आपणही यात सहभागी व्हा. दहा वर्षांवरील मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून चालविता येते. आईला फॉर्म भरता येत नसेल तर तिच्या शेजारी बसा आणि तिला तो वाचून दाखवा. सही मात्र तिची तिलाच करू द्या.