आरशातला मामा आणि ५८ एमएमची जुनी लेन्स

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "फोनचा नाइट मोड एवढा भारी असताना जुन्या मॅन्युअल लेन्सची कटकट कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः बहुतेक फोटो फोनवरच काढतो. जिथे फोन हरला, त्या एका रात्रीची गोष्ट आज सांगतो.

माझा मामा दशावतारात स्त्रीपार्ट करतो. आता करायचा म्हणायला हवं. आमच्या कुडाळकडे कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र नाटक चालतं. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे, आणि स्वतःचं तोंड प्रत्येक जण स्वतःच रंगवतो. गेल्या सीझनला मामाच्या गुडघ्यांनी हात टेकले. शेवटच्या जत्रेआधी त्याने मला पुण्याला फोन केला. "झिला, माझो एक फोटो काढ. स्टेजावरचो नको. तोंड रंगयतानाचो."

स्टेजवर झगझगीत लाइट असतात, तिथे कुठलाही फोन चालतो. रंगपट म्हणजे मात्र देवळामागची पडवी. एक पिवळा बल्ब, लांब टोकाला एक एलईडी ट्यूब, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली मंडळी. मामाला मांडी जमत नव्हती, म्हणून तो एक पाय लांब करून बसलेला. पुढ्यात ट्रंकेला टेकवलेला छोटा आरसा.

आधी फोनच काढला. नाइट मोड एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकत्र करतो. समोरचा माणूस स्थिर असेल तर जादू. मामाचा काजळ ओढणारा हात हलत होता, त्याचं सारवण झालं. चेहरा गुळगुळीत, बल्बचा पिवळेपणा गायब. मामाने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्यो मी नाय रे. ह्यो कोण गोरो?"

मग बॅगेतून हेलिओस ४४-२ काढली. सोव्हिएत रशियातली लेन्स, झेनिट कॅमेऱ्यांवर यायची. ५८ एमएम, एफ/२. मला पुण्याच्या जुन्या बाजारात बंद पडलेल्या झेनिटसकट मिळाली. साध्या अडॅप्टरने ती माझ्या सेकंडहँड सोनी ए६००० वर बसते. ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझेशन नाही, कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हेसुद्धा कळत नाही. मेनूत 'लेन्स नसताना शटर उघडू दे' हे सेटिंग चालू करावं लागतं, नाहीतर कॅमेरा ढिम्म हलत नाही.

आता हिशोब. या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे ५८ चे साधारण ८७ धरायचे. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून शटर निदान १/९० हवं. मी १/२०० ठेवलं होतं, तर ट्यूबच्या बाजूला फोटोत आडवे पट्टे! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० केलं, पट्टे गेले. आयएसओ ३२००. थोडे दाणे येतात, येऊ देत.

आणि मग मी माती खाल्ली. या लेन्सवर अपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एक आकडा ठरवते, दुसरी त्या आकड्यापर्यंत मोकळी फिरते. फोकस करताना बोट लागून दुसरी फिरली. स्क्रीनवर मला काही कळलं नाही, कारण कॅमेरा अंधार आपोआप उजळून दाखवत होता. पंधरा-वीस फोटो काळेठिक्कर. तोपर्यंत मामाचा अर्धा चेहरा रंगून झालेला. एकदा तो पूर्ण रंगला की संपलं, पुन्हा ही रात्र नाही.

रिंग जागेवर आणली, फोकस पीकिंग चालू केलं. जिथे फोकस असतो तिथल्या कडा लाल होतात ना, ते. आरशावर मस्त लाल चमकलं, मी धडाधड सहा फोटो काढले. झूम करून बघतो तर आरशावर चिकटवलेल्या टिकल्या एकदम शार्प आणि मामा धुक्यात!

आरशातला चेहरा आरशावर नसतो. कॅमेऱ्यापासून आरशापर्यंतचं अंतर, अधिक आरशापासून चेहऱ्यापर्यंतचं, तिथे फोकस करायचा. शाळेत सपाट आरशाचा धडा मी पाठ केला होता, उपयोग त्या पडवीत झाला. एफ/२ वर दीड मीटरला जेमतेम पाच सेंटिमीटर शार्प मिळतात. पीकिंग बंद केलं, डोळ्यावर मॅग्निफायर लावला, रिंग तिथेच सोडली आणि स्वतःच किंचित पुढे-मागे झुलत राहिलो. डोळा शार्प दिसला की क्लिक. ही युक्ती लक्षात ठेवा. एवढ्या कमी अंतरात रिंग फिरवण्यापेक्षा अंग हलवणं सोपं जातं.

चाळीसेक फोटोंतला एक लागला. आरशात अर्धी द्रौपदी, अर्धा मामा. पिवळा उजेड जसा होता तसा. रंगाखालच्या सुरकुत्या दिसतात, भुवईवर थांबलेलं बोट दिसतं. खालच्या कोपऱ्यात फोकसबाहेर एक पांढरा ठिपका आहे, गुडघ्याला बांधलेलं क्रेप बँडेज.

मामाने बराच वेळ बघितला. मी म्हटलं, "खालचं कापून टाकतो, बँडेज जाईल."

"ऱ्हवांदे," म्हणाला. आणि पुन्हा आरशाकडे वळला, कारण बाहेर पखवाज सुरू झाला होता.

पुढच्या एपिसोडमध्ये लेन्समधल्या बुरशीबद्दल बोलू. कोकणातून परत आल्यापासून माझ्या हेलिओसमध्ये ती दिसायला लागलीय.