ट्रेमधली रोपं आणि आपला प्लॉट

(तालुका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कायद्याची भाषणं झाली. मला भाजीच्या रोपांबद्दल बोलायला सांगितलंय. काही जण म्हणतील, जमिनीच्या लढ्यात मिरचीच्या रोपाचं काय काम? काम आहे, ते सांगते.

भात झोडून झालं की दिवाळीनंतर आपल्या पाड्यातली घरं बंद होतात. कोणी वीटभट्टीला, कोणी रेतीवर, कोणी बिल्डिंगच्या कामाला. प्लॉट मोकळा पडतो. वनहक्क समिती जागेवर पाहणीला येते तेव्हा दावेदार भट्टीवर असतो. ग्रामसभेला घरातली म्हातारी तेवढी असते. मोकळा प्लॉट बघून कोणी चर खणतं, झाडं लावून जातं. पावसाच्या तोंडाला आपण परत येतो तेव्हा भांडण उभंच. वनहक्क कायदा 2006, कलम 4(5) म्हणतं, दाव्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येत नाही. बरोबर आहे. पण कसणाराच तिथं नसला तर हे कलम कोण दाखवणार?

एक गोष्ट स्पष्ट सांगते. आज लावलेली मिरची हा 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या कब्जाचा पुरावा होत नाही. तो पुरावा वेगळा गोळा करायचा. मिरची आपल्याला गावात ठेवते, हे तिचं काम.

आता अडचण कुठं आहे? वेळेत. ओढ्याचं, विहिरीचं पाणी दिवाळीनंतर थोडेच महिने पुरतं. भात कापल्यावर वाफ्यात मिरचीचं बी टाकलं तर रोप व्हायला 35 ते 40 दिवस जातात. तोवर ओल गेली, पाणी खाली गेलं. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, भट्टीच बरी. म्हणून भात उभं असतानाच रोप तयार पाहिजे. त्या दिवसांत पाऊस असतो, उघडा वाफा धुऊन जातो. ट्रे मात्र मांडवाखाली राहतो, गरज पडली तर उचलून ओटीवर घेता येतो. गणपती गेले की मिरची टाकायची, दिवाळीला रोप हातात. वांग्याला 30 ते 35 दिवस धरा. टोमॅटो 25 दिवसांत होतो, तो घट बसताना टाकला तरी चालतो.

हिशोब करा. 98 कप्प्यांचा ट्रे मिळतो. मिरची दोन फुटांवर ओळ, दीड फुटावर रोप अशी लावली तर गुंठ्याला सुमारे 370 रोपं लागतात. म्हणजे चार ट्रे, त्यात थोडी सांधायलाही उरतात. पाच गुंठ्यांना वीस ट्रे. वीस ट्रे दोन खाटांएवढ्या जागेत मावतात.

वाफ्यातून रोप उपटलं की बारीक मुळ्या तुटतात आणि रोप चार दिवस मान टाकून राहतं. कप्प्यातलं रोप मुळ्यांच्या गड्डीसकट निघतं, लगेच धरतं. पाणी कमी असलेल्याला हे फार मोलाचं आहे.

भरायला शेतातली नुसती माती घेऊ नका. ती आवळते, गड्डी फुटते. भिजवलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत मिसळा. कोकोपीटमध्ये झाडाला खाणं नसतंच, ते खतातून येतं. मुठीत दाबलं तर थेंब यावा, धार येऊ नये. एका कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाका. कोंब दिसायला लागले की त्याच दिवशी ट्रे सुटे करा. नाय केले तर रोपं पिवळी आणि लांबट होतात.

कप्पा लहान, त्यात पाणी थोडंच राहतं. कडक ऊन असलं तर झारीने दोनदा द्यावं लागतं, कडेचे कप्पे आधी सुकतात. पण सारखं ओलंचिंब ठेवलं तर रोप बुडाशी कुजून आडवं पडतं. कोंबड्या आणि मुंग्या यांच्यापासून जपा. ट्रे जमिनीवर ठेवू नका, बांबूच्या माचीवर ठेवा, म्हणजे मुळी खालच्या भोकाशी हवेत थांबते, जमिनीत जात नाही. शेवटचे चार-पाच दिवस पाणी कमी करून ऊन दाखवा. रोप तयार झाल्यावर ट्रेत ठेवून देऊ नका. मुळ्या आत गोल फिरतात, मग ते शेतात वाढत नाही. म्हणून जागा आधी खणून ठेवा. लावणी संध्याकाळी करा.

आता बी. नर्सरीतून रोपं आणली तर दरवर्षी रोपागणिक पैसे मोजा, आणि तिथं बहुतेक हायब्रीडच असतं. हायब्रीडचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही. आपल्या घरची मिरची, घरचं वांगं यांचं बी आपण धरू शकतो. चांगल्या झाडाची पिकली फळं राखा, बी सावलीत वाळवा, राखेत घालून ठेवा. जमीन आपली आणि बी दुकानदाराचं, असं झालं तर अर्धीच जमीन सुटली म्हणायची.

हक्कपत्रावर नवराबायको दोघांची नावं लागतात, हे बायांनी लक्षात ठेवा. रोपांचं काम बहुतेक आपणच करतो. तर मिरचीचा पैसा कुठं जातो ते विचारायचा हक्कही आपलाच.

एकट्याने करू नका. पाच-सहा घरांनी मिळून एक मांडव घाला, पाणी द्यायची पाळी लावा. ट्रे धुऊन सावलीत ठेवले तर पुढच्या हंगामालाही चालतात. यंदा ज्या पाड्यांना मांडव घालायचा आहे त्यांनी आजच कार्यकर्त्यांकडे नावं द्या. ट्रे एकदम आणू, बी एकमेकांत वाटू. आणि समिती पाहणीला येईल तेव्हा दावेदार आपल्या प्लॉटवर, मिरचीच्या ओळीत उभा असला पाहिजे.

जिंदाबाद.