ऊन आणि हाडे



कर्कवृत्त आपल्या उज्जैनच्या पलीकडून जाते. इंदूरला उन्हाचा तोटा नाही. तरी आम्हां शिक्षकांना वाटते, ते ऊन घरांत पोचत नाही.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. हाडांना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व कातडीत तयार होते, ते मात्र २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या अदृश्य अतिनील किरणांनी. खिडकीची काच त्यांना अडवते. काचेआड ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. कोवळ्या उन्हातही ते किरण थोडेच. आपली सावली आपल्याहून आखूड झाली की ते वाढतात.

ते न मिळाल्यास मुलांना मुडदूस होतो. पडद्यातील स्त्रियांची हाडे उजेडाअभावी मऊ पडून बाळंतपण जिवावर बेतते, असे डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली आपल्या पुस्तकात मांडले.

पण पडद्याचे आणि उन्हाचे वैर नाही. आडोशाचे अंगण असले तरी पुरे. वैशाखात बेताने, एरवी मोकळेपणी लेकीसुनांच्या हातापायांना ऊन लागू द्यावे. ट्रस्टने आपल्या इमारतीच्या गच्चीचा एक कोपरा आडोसा घालून त्यांच्यासाठी राखावा, एवढीच आमची विनंती.