घरची शाळा आणि वर्षाची आंखणी

एकाच घरांत तेरा वर्षांची मुलगी व तिचीं नऊ आणि सहा वर्षांचीं भावंडें शिकत असतील, तर मातापित्यांनीं तीन निराळ्या शाळा मांडूं नयेत. तसें केल्यास दिवाळीपूर्वींच सर्वजण थकून जातात. गणित व लेखन हे विषय पायरीपायरीनें चढावयाचे. ते ज्याचे त्याला द्यावेत. इतिहास, सृष्टिनिरीक्षण व गोष्टी मात्र सर्वांस एकत्र सांगाव्यात. मग धाकट्यानें चित्र काढावें, मधल्यानें चार ओळी लिहाव्यात, थोरलीनें नकाशा काढून कारणमीमांसा जोडावी.

वर्षाची वांटणी ऋतूंनीं करावी. पावसाळ्यांत पर्जन्यमापन व बीं रुजविणें, हिंवाळ्यांत किल्ले व आकाशदर्शन, उन्हाळ्यांत उजळणी. दर महिन्यास कांहीं दिवस आजारपण व पाहुणे यांसाठीं मोकळे असावेत.

वडील मुलांनीं धाकट्यांस शिकविणें ही रीत पंतोजींच्या शाळांतहि होती. अँड्र्यू बेल यांनीं मद्रासच्या अनाथालयांत तिचा प्रयोग केला व १७९७ सालीं लंडन येथें पुस्तक छापून तिचा पुरस्कार केला. परंतु धोका येथेंच आहे. थोरली मुलगी बिनपगारी शिक्षिका होते आणि तिचाच अभ्यास खुंटतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस बसण्यास १४ वर्षें पूर्ण लागतात. म्हणजे तिची तयारी आतांच सुरू व्हावयास हवी. यास्तव शिकविण्याचा तिचा वेळ अर्ध्या तासापुरता ठेवावा आणि वेळापत्रक प्रथम तिचें आंखावें. एकीचें शिक्षण गहाण टाकून इतरांचें विद्याधन वाढवूं नये.