हातचा नसलेला गुणाकार

श्रोतेहो, पाटी-पेन्सिल असेल तर जवळ घ्या. एकचा आकडा नऊ वेळा लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत चढायचे, तसेच उतरायचे.

यात चमत्कार नाही. गुणाकारात एकांच्या नऊ ओळी पडतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा वाढत मधल्या घरात नऊ होतात, मग उतरतात. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधे दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर विस्कटते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिले, डोंबिवली स्थानकावरून. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. इथल्या अनेक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा कुठे नाव जगभर झाले. तोवर मास्तर सत्तरीला आले होते!

‘हर्षद’ संख्याही त्यांचीच : अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी. आपल्या संख्येची अंकबेरीज ८१. भागून पाहा, १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. तीन एकांचा वर्ग १२३२१. बेरीज ९, भागाकार १३६९. दोन, चार, पाच, सहा, सात किंवा आठ एकांच्या वर्गाला मात्र असा भाग जात नाही. का, ते शोधायला परंडा तालुक्यातल्या सोनारीच्या शाळेतला फळाही पुरेल.